‘द पॅरेंट ट्रॅप’, १९६१ आणि १९९८: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एकच नाव, एकच गोष्ट, चित्रपट मात्र दोन. दोन्ही डिस्नीचे, मधे ३७ वर्षांचं अंतर. घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून बघावेत असे विनोदी चित्रपट कोणते, असा विषय निघाला की या जोडीचं नाव हमखास येतं आणि त्यामागोमाग प्रश्नही येतात. जुना बघावा की नवा? मुळात ही गोष्ट आली कुठून? एकाच मुलीनं दोघींचं काम केलं कसं? आणि ज्यांच्या घरात आईवडील वेगळे झाले आहेत, त्या मुलांनी हे बघावं का? नेहमी विचारले जाणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. शेवट कळलेला नको असेल, तर फरकांविषयीचं उत्तर चित्रपट बघून झाल्यावर वाचा.

गोष्ट थोडक्यात काय आहे?

मुलींच्या उन्हाळी शिबिरात दोन अनोळखी मुली समोरासमोर येतात. चेहरा तंतोतंत सारखा, स्वभाव मात्र अगदी उलटे. आधी कडाक्याची भांडणं होतात, एकमेकींच्या खोड्या काढल्या जातात. शिक्षा म्हणून दोघींना एकाच खोलीत राहायला लावतात आणि तिथे बोलता बोलता उलगडा होतो, की आपण जुळ्या बहिणी आहोत. आपण तान्ह्या असतानाच आईबाबा वेगळे झाले, एक आईकडे वाढली, एक बाबांकडे, आणि दुसरी आहे हे दोघींनाही कोणी सांगितलं नाही. मग त्या ठरवतात, घरी जाताना अदलाबदल करायची. आईकडची बाबांकडे जाणार, बाबांकडची आईकडे. तिकडे गेल्यावर कळतं, की बाबा दुसरं लग्न करायच्या बेतात आहेत.

ही मूळ गोष्ट अमेरिकेतली का?

नाही, जर्मन आहे. एरिश केस्टनर यांचं ‘दास डोपेल्टे लोट्शन’ हे मुलांसाठीचं पुस्तक १९४९ मध्ये आलं. त्यातली लोटे म्युनिकला आईजवळ राहते, लुइझे व्हिएन्नाला वडिलांजवळ. दोघी नऊ वर्षांच्या.

केस्टनर यांच्याबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण त्याशिवाय या हलक्याफुलक्या गोष्टीचा पाया लक्षात येत नाही. ‘एमिल आणि गुप्तहेर’ या १९२९ च्या पुस्तकानं ते जगभर पोचले होते. मे १९३३ मध्ये बर्लिनमध्ये नाझींनी पुस्तकांची होळी केली, तेव्हा जाळलेल्या पुस्तकांत केस्टनर यांचीही होती आणि ते स्वतः त्या गर्दीत उभे राहून बघत होते. तरीही त्यांनी देश सोडला नाही. युद्धकाळात थोडा काळ त्यांना टोपणनावानं पटकथा लिहू दिली गेली, आणि त्याच सुमारास त्यांनी जुळ्या बहिणींची ही गोष्ट चित्रपटासाठी म्हणून योजली. मग त्यांच्या लिहिण्यावर पुन्हा बंदी आली आणि गोष्ट तशीच राहिली. युद्ध संपल्यावर तिचं पुस्तक झालं आणि १९५० मध्ये दिग्दर्शक योझेफ फॉन बाकी यांनी त्यावर जर्मन चित्रपट काढला. पटकथा केस्टनर यांचीच, निवेदनाचा आवाजही त्यांचाच.

म्हणजे १९६१ च्या ज्या चित्रपटाला आपण सगळे ‘मूळ’ म्हणतो, तोही पहिला नव्हेच.

मुलांच्या पुस्तकात घटस्फोट? तेही १९४९ मध्ये?

हा आक्षेप केस्टनर यांना अपेक्षित होता. गोष्ट मधेच थांबवून ते मोठ्या माणसांशी थेट बोलतात. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा: जगात वेगळे झालेले आईबाप पुष्कळ आहेत आणि त्यामुळे सोसणारी मुलंही पुष्कळ आहेत, पण आईबाप वेगळे होत नाहीत म्हणून सोसणारी मुलंही तितकीच आहेत. मग जे मुलांना भोगावं लागतं, ते त्यांच्याशी समजेल अशा भाषेत बोलायचंच नाही, हे कुठलं शहाणपण?

या गोष्टीवरचा कुठलाही चित्रपट मी याच प्रश्नाच्या कसोटीवर बघते. दोन सारख्या मुलींनी घातलेला गोंधळ कोणालाही जमतो. त्या गोंधळाच्या तळाशी दोन मुलींचं खरं दुखणं आहे, याची आठवण चित्रपटाला राहते का? दोन्ही ‘पॅरेंट ट्रॅप’ना ती राहते. म्हणूनच ते टिकले.

दोन्ही चित्रपट कोणी केले, कोणी काम केलं?

१९६१ चा लिहिला आणि दिग्दर्शित केला डेव्हिड स्विफ्ट यांनी. जुळ्या बहिणी शॅरन आणि सुझन या दोन्ही भूमिका हेली मिल्सच्या. आई मॉरीन ओ’हारा, वडील ब्रायन कीथ. बाबांची होणारी बायको व्हिकी झाली आहे जोआना बार्न्स. ध्वनी आणि संकलन या दोन विभागांत त्याला ऑस्करची नामांकनं मिळाली होती.

१९९८ चा नॅन्सी मायर्स यांचा. दिग्दर्शक म्हणून हा त्यांचा पहिलाच चित्रपट. निर्माते चार्ल्स शायर. याच जोडीनं १९९१ मध्ये ‘फादर ऑफ द ब्राइड’ हा १९५० चा चित्रपट नव्यानं लिहिला होता, तेव्हा जुनं घर न पाडता त्यात राहायला कसं जायचं याचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. हॅली आणि ॲनी या जुळ्या भूमिकांत लिंडसे लोहान, तिचा हा पहिला चित्रपट. आई नताशा रिचर्डसन, वडील डेनिस क्वेड, बाबांची होणारी बायको मेरेडिथ म्हणजे इलेन हेंड्रिक्स. हॅली आणि ॲनी ही मायर्स यांच्या स्वतःच्या मुलींची नावं.

दोघांत मुख्य फरक काय? नुसते कपडे आणि गाड्या बदलल्यात का?

वरवर बघितलं तर बरंच काही जसंच्या तसं आहे. शिबिर, भांडण, शिक्षेची खोली, केस कापून एकीनं दुसरीसारखं होणं, बाबांच्या होणाऱ्या बायकोला जंगलात नेऊन हैराण करणं, डासांच्या औषधाऐवजी तिच्या हातात साखरेचं पाणी देणं. नव्यात भर पडली ती तलवारबाजीच्या सामन्याची, पत्त्यांच्या डावाची आणि कान टोचण्याच्या प्रसंगाची. एकीचे कान टोचलेले, दुसरीचे नाहीत, मग रात्री खोलीतच सुई घेऊन काम उरकायचं! आपल्याकडे बारशाच्या आसपासच कान टोचतात, त्यामुळे ही अडचण आपल्या जुळ्यांना आली नसती, पण तो प्रसंग बघताना हात आपोआप कानाकडे जातो.

खरा फरक आईत आहे. १९६१ मधली मॅगी बॉस्टनमधल्या श्रीमंत माहेरी, आपल्या आईवडिलांच्या मोठ्या घरात राहते. समित्या, समारंभ, प्रतिष्ठा, आणि घरात आजीचा शब्द शेवटचा. मुलगी परत आल्यावर आणि सगळं उघड झाल्यावर ती कॅलिफोर्नियाला जाते, नवे कपडे घेते, केस कापते आणि नवऱ्याला भुरळ पडेल अशी होऊन समोर येते. मॉरीन ओ’हारा इतकी तेजस्वी आहे, की ती पडद्यावर आली की बाकी कोणाकडे लक्ष जात नाही. तिचा राग खरा, तिचं हसू खरं. तरीही शेवटी तिला स्वयंपाकघरात अनवाणी उभं राहून रस्सा ढवळावा लागतो आणि त्या क्षणी नवऱ्याला ती पुन्हा हवीशी वाटते. हे आज बघताना मला सलतं.

१९९८ मधली एलिझाबेथ लंडनमध्ये लग्नाचे पोशाख तयार करते. स्वतःचं नाव आहे, स्वतःचं काम आहे. नवरा निक याचे कॅलिफोर्नियातल्या नापा खोऱ्यात द्राक्षांचे मळे आहेत, तो वाइन करतो. दोघंही आपापल्या जागी पाय रोवून उभे, त्यामुळे प्रश्न बदलतो. ‘ती परत येईल का’ असा तो राहत नाही. ‘दोघांपैकी कोण कोणाच्या मागे जाणार’ असा होतो. शेवटी निक मुलीला घेऊन कॉन्कॉर्ड या अतिवेगवान विमानानं लंडन गाठतो, एलिझाबेथ पोचायच्या आधी. चूक आपलीही होती, तेव्हा ती गेली आणि आपण मागे गेलो नाही, हे तो कबूल करतो. मूळ ढाच्याला धक्का न लावता केलेला हा बदल मला संपूर्ण चित्रपटातली सगळ्यात विचारपूर्वक केलेली गोष्ट वाटते.

आणि गंमत बघा, पुस्तकातली आईही नोकरी करते. म्युनिकमधल्या एका सचित्र साप्ताहिकाच्या कचेरीत ती काम करते, घर एकटीनं चालवते, आणि तिची नऊ वर्षांची लोटे बाजारहाट करून स्वयंपाक करून ठेवते. १९६१ च्या चित्रपटानं या कष्टकरी आईला श्रीमंतांच्या दिवाणखान्यात नेऊन बसवलं होतं. ३७ वर्षांनी मायर्स यांनी तिच्या हाती पुन्हा काम दिलं. नवा चित्रपट त्या बाबतीत जुन्यापेक्षा पुस्तकाच्या जवळ आहे.

एकच मुलगी दोन ठिकाणी कशी दिसते?

१९६१ मध्ये चित्रपटांच्या हाताशी संगणक नव्हता, म्हणून हे काम दोन-तीन युक्त्यांवर चाललं. पहिली युक्ती पडदा दुभागण्याची. कॅमेरा जागचा हलू द्यायचा नाही, फिल्मची अर्धी बाजू झाकून हेलीचं एका बाजूचं काम चित्रित करायचं, मग दुसरी बाजू झाकून दुसरं. दुसरी युक्ती सोडियमच्या पिवळ्या दिव्यांची. पात्राच्या मागे त्या विशिष्ट पिवळ्या उजेडानं न्हालेला पडदा ठेवायचा. खास कॅमेऱ्यातलं लोलक तो पिवळा उजेड वेगळा काढून दुसऱ्या फिल्मवर पाठवतं, त्यातून पात्राचा नेमका आकार मिळतो आणि तो दुसऱ्या दृश्यात बेमालूम बसवता येतो. तिसरी युक्ती सर्वांत सोपी: पाठमोरी दिसणारी मुलगी दुसरीच, तिचं नाव सुझन हेनिंग.

१९९८ पर्यंत संगणकावर चालणारा कॅमेरा आला होता. एकदा केलेली हालचाल तो हवी तितक्या वेळा तंतोतंत तशीच करतो. त्यामुळे कॅमेरा फिरत असतानाही दोघी एकत्र दिसू शकल्या. छायाचित्रणकार होते डीन कंडी, माणसं आणि चित्रातली पात्रं एकाच चौकटीत नांदवणाऱ्या ‘हू फ्रेम्ड रॉजर रॅबिट’चे. लोहानची बदली मुलगी होती एरिन मॅकी.

इतकं सगळं कळल्यावरही मला नवल वाटतं ते यंत्राचं नाही. समोर कोणी नाही, किंवा आहे तर दुसरीच मुलगी, आणि तरीही आपल्याच बहिणीकडे बघतो आहोत अशी नजर द्यायची. अकरा ते चौदा वर्षांच्या मुलीनं. दोघींनीही ती दिली.

मग हेली मिल्स चांगली की लिंडसे लोहान?

हा वाद घरोघरी होतो आणि तो वयावर ठरतो: ज्यानं लहानपणी जी बघितली, ती त्याची. माझं मत विचाराल, तर दोन भूमिकांमधला फरक दाखवण्यात लोहान पुढे आहे. हेली मिल्स इंग्लंडची, तिला दोन अमेरिकी मुली करायच्या होत्या. दोघींच्या बोलण्यात तिचा इंग्रजी हेल डोकावतोच. लोहान अमेरिकेची, तिला एक अमेरिकी आणि एक लंडनची मुलगी करायची होती. त्यातही खरी कसोटी पुढे आहे. लंडनची ॲनी जेव्हा हॅली असल्याचं नाटक करते, तेव्हा लोहानला अमेरिकी बोलणाऱ्या इंग्रज मुलीचं काम करायचं असतं. डोळे मिटून ऐकलं तरी कोण बोलतंय ते कळतं.

हेलीचं बलस्थान वेगळं. तिच्या चेहऱ्यावर एक मोकळा, खट्याळ उत्साह आहे, जो शिकवून येत नाही. पियानो आणि गिटार घेऊन दोन बहिणी आईबाबांसमोर ‘लेट्स गेट टुगेदर’ म्हणतात तो प्रसंग बघा. शर्मन बंधूंचं हे गाणं तेव्हा चांगलंच गाजलं होतं.

नव्या चित्रपटात जुन्याची काही आठवण ठेवली आहे का?

आहे, आणि फार प्रेमानं ठेवली आहे. १९६१ मध्ये व्हिकी झालेली जोआना बार्न्स १९९८ मध्ये मेरेडिथची आई होऊन येते. पात्राचं नावही व्हिकी! जुन्या चित्रपटातली सावत्र आई व्हायला निघालेली बाई नव्यातल्या तशाच बाईची आई आहे, हे लक्षात आलं की तो प्रसंग दुप्पट रंगतो. हॉटेलातल्या लिफ्टपाशी हॅली जे गुणगुणते, ते ‘लेट्स गेट टुगेदर’ आहे. पटकथेच्या श्रेयात डेव्हिड स्विफ्ट यांचंही नाव आहे.

पण सगळ्यात हृद्य आहे तो आजोबांचा प्रसंग. आईच्या घरी पहिल्यांदाच आलेली नात आजोबांच्या कोटात नाक खुपसून वास घेते. तंबाखूचा आणि पेपरमिंटचा. काय करतेस, विचारल्यावर सांगते की आठवण तयार करते आहे. मोठी झाले की आजोबा आठवतील तेव्हा हा वास सोबत असेल. दोन्ही चित्रपटांत हा प्रसंग जवळजवळ शब्दशः आहे. मायर्स यांनी बरंच काही बदललं, या प्रसंगाला हात लावला नाही. जे मुळातच पुरं आहे, ते ओळखून तसंच ठेवायला जाण लागते.

आईबापांनी मुली अशा वाटून घेतल्या, हे पटण्यासारखं आहे का?

नाही. आणि त्यावर दोन्ही चित्रपट पुरेसं थांबत नाहीत, ही माझी खरी तक्रार आहे. एक मूल तू घे, एक मी घेतो, आणि दुसरी आहे हे पोरींना सांगायचंही नाही? मुलाचा ताबा ठरवताना मुलाचं हित सर्वांत वर, हे तत्त्व आपल्याकडच्या न्यायालयांतही पाळलं जातं, आणि सख्ख्या भावंडांची ताटातूट शक्यतो टाळण्याकडेच कल असतो. नव्या चित्रपटात ‘आई, तू मला तिच्याबद्दल का नाही सांगितलंस’ या प्रश्नाला जेवढा वेळ मिळतो, त्याहून जास्त मिळाला असता तर चित्रपट आणखी मोठा झाला असता. पुस्तक इथे दोन्ही चित्रपटांच्या पुढे आहे. तिथे वडील दुसरं लग्न करणार या धसक्यानं लोटे तापानं फणफणते, आणि तिच्या अंथरुणाशी आईबापांना एकत्र यावं लागतं. तिथे हसू थांबतं.

व्हिकी आणि मेरेडिथ खरंच इतक्या वाईट आहेत का?

लहानपणी बघताना वाटतात. मोठेपणी बघताना मेरेडिथचं वय सव्वीस आहे हे कानावर पडतं आणि मन जरा थबकतं. तिला निकचा पैसा हवा आहे, मुलीला स्वित्झर्लंडच्या वसतिगृहात पाठवायचा तिचा बेत आहे. तेव्हा तिची बाजू घ्यावी असं नाही. पण गादीसकट तळ्यात ढकललं जाण्याइतका तिचा गुन्हा होता का, असं पोरांना जरूर विचारा. आमच्याकडे यावर जेवण थंड होईपर्यंत वाद झाला होता.

आईबाबा वेगळे राहतात, अशा मुलांना हा चित्रपट दाखवावा का?

विचार करून दाखवावा, एकटं बसवून नाही. या गोष्टीतली मोठी गोड थाप अशी, की मुलांनी युक्ती केली तर आईबाबा पुन्हा एक होतात. ज्या मुलानं ही आशा मनात धरली आहे, त्याला ती खरी वाटू शकते, आणि नाही जमलं तर आपणच कमी पडलो असंही वाटू शकतं. सोबत बसून एवढं नक्की सांगा, की मोठ्यांचं भांडण मिटवणं हे मुलांचं काम नाही. दुसऱ्या बाजूनं, आपल्यासारखी मुलं पडद्यावर दिसणं, ती हुशार, हसरी, धीट असणं, याचंही मोल आहे. केस्टनर यांनी लिहिलं ते याच मुलांसाठी.

कितव्या वर्षी दाखवावा?

सात-आठपासून पुढे हरकत नाही. दोन्ही दोन तासांहून थोडे मोठे आहेत. जुन्यात व्हिकी एका मुलीच्या थोबाडीत मारते, आणि बायकांविषयीची काही वाक्यं आज खटकतील.

हिंदीत कुठला बघावा?

‘दो कलियाँ’. १९६५ मध्ये मद्रासच्या एव्हीएम या चित्रपटसंस्थेनं ही गोष्ट तमिळमध्ये ‘कुळंदैयुम दैवमुम’ या नावानं केली, आणि कृष्णन–पंजू याच दिग्दर्शक जोडीनं १९६८ मध्ये ती हिंदीत आणली. माला सिन्हा आणि बिस्वजित आईवडील, आणि गंगा-जमुना या जुळ्या बहिणी म्हणजे बेबी सोनिया, पुढची नीतू सिंग. इथे संसार मोडतो तो सासूच्या श्रीमंतीच्या ताठ्यामुळे. पाश्चात्त्य चित्रपटांत नवरा-बायको आपसात भांडून वेगळे होतात. इथे जावई आणि सासर हा तिढा आहे, आणि तो आपल्या घरांना लगेच कळतो. साहिर यांचे शब्द, रवी यांचं संगीत आणि लताबाईंचा आवाज असलेलं ‘बच्चे मन के सच्चे’ याच चित्रपटातलं. चित्रपट माहीत नसलेल्यांनाही ते गाणं पाठ असतं.

२००१ मध्ये काजोलला दुहेरी भूमिकेत घेऊन राहुल रवैल यांनी ‘कुछ खट्टी कुछ मीठी’ केला. त्यात बहिणी तरुण आहेत, त्यामुळे गोष्टीतला जीवच जातो. आईबाबांना एकत्र आणायची तळमळ दहा-बारा वर्षांच्या पोरींच्या तोंडी जशी लागते, तशी मोठ्या मुलींच्या तोंडी लागत नाही.

आणखी कुठे कुठे गेली ही गोष्ट?

जपानमध्ये १९५१ मध्येच. ब्रिटनमध्ये १९५३ साली एमेरिक प्रेसबर्गर यांनी ‘ट्वाइस अपॉन अ टाइम’ केला. इराणमध्ये १९९६ मध्ये कियुमर्स पूरअहमद यांनी केला. जर्मनीत तर पुन्हा पुन्हा होत असते. डिस्नीनं हेली मिल्सला घेऊन १९८० च्या दशकात टीव्हीसाठी पुढचे भागही काढले. ते नाही बघितले तरी चालेल.

दोन्ही बघायचे, तर आधी कुठला?

मुलं सोबत असतील तर आधी १९९८ चा. त्याची गती त्यांच्या ओळखीची आहे आणि जोआना बार्न्सची गंमत नंतर जुना बघतानाही सांगता येते. तुम्ही मोठीच माणसं असाल, तर आधी १९६१ चा बघा, म्हणजे आजोबांच्या कोटाचा प्रसंग पुन्हा येईल तेव्हा तुम्ही त्याची वाट बघत असाल. आणि १९५० चा जर्मन चित्रपट कुठे मिळालाच तर सोडू नका. त्यातल्या बहिणी युटा आणि इझा ग्युंटर या खऱ्याखुऱ्या जुळ्या आहेत.